मोठ्या टाइपात

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये दोन्ही हात मोकळे असे कधी मिळत नाहीत. एक हात वरच्या कडीत, पर्स खांद्यावरून पुढे पोटाशी घेतलेली, आणि दुसऱ्या हाताच्या वाट्याला जेवढी जागा येईल तेवढी. त्या जागेत गेली काही वर्षं माझा ई-रीडर मावतो. सहा इंची पडदा, वजन पाव किलोहून कमी, पान उलटायला अंगठ्याचा नुसता स्पर्श पुरतो. कागदी पुस्तक एका हातात धरता येतं, पण पान उलटायला दुसरा हात लागतो आणि दिवा स्टेशन गेल्यावर कडी सोडण्यात अर्थ नसतो. गाडीच्या हिसक्यांत बारीक ओळी नाचतात, म्हणून मी प्रवासात अक्षरं दोन पायऱ्या मोठी करून घेते. घरी पोचले की पुन्हा लहान.

एकदा असंच वाचत उभी असताना पान उलटलं आणि शेजारून आवाज आला, "अहो, जरा थांबा ना, दोन ओळी राहिल्यात माझ्या."

माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या बाई होत्या. चष्मा पर्समध्ये आणि पर्स कुठेतरी खाली अडकलेली. माझं पान मोठ्या अक्षरांत होतं म्हणून त्यांना चष्म्याशिवाय दिसत होतं, आणि मुलुंडपासून त्या माझ्याबरोबर वाचत होत्या. मी मागचं पान परत आणलं. मग घाटकोपरपर्यंत आम्ही दोघींनी मिळून वाचलं. माझं पान आधी संपायचं, मी वाट बघायची, त्यांनी मान हलवली की पुढे जायचं. घाटकोपरला त्या उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात सापडल्या, दारातून मागे वळून "नाव काय पुस्तकाचं?" म्हणाल्या. मी ओरडून सांगितलं. गाडी सुटायच्या गडबडीत त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ई-रीडरला मुखपृष्ठ नसतं, त्यामुळे डब्यातल्या कुणाला आपण काय वाचतोय याचा पत्ता लागत नाही. पूर्वी पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचून समोरची बाई आपण होऊन बोलायला लागायची. ते बोलणं कमी झालं, याची मला खरोखर हळहळ वाटते. पण खांद्याला खांदा लावून एकच पान वाचायचं, हे कागदी पुस्तकासोबत इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

तेव्हापासून मी अक्षरांच्या आकाराचा विचार करायला लागले. त्या विचाराचं टोक आत्याकडे जातं.

आत्या ऐंशीच्या पुढे आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, गिरगावात राहायची. रात्रपाळीला कॉल कमी असायचे आणि पुस्तकं भरपूर. तिच्या पाळीतल्या सगळ्याजणी मिळून लायब्ररीची वर्गणी भरायच्या आणि एकच पुस्तक आठवडाभर बोर्डावरून बोर्डावर फिरायचं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तिनं एवढ्या वाचल्यात की झुंझार आणि काळापहाड आमच्या घरातले दूरचे नातेवाईक असावेत, असं लहानपणी मला वाटायचं. पुढे डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू झाला. आजूबाजूचं दिसतं, पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धुरकट होतं. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसतं, मधलं हरवतं. भिंग घेऊन वाचायचा प्रयत्न तिनं केला. भिंगात दोन शब्द मावतात. तिसऱ्यावर जाईपर्यंत पहिला निसटतो. हळूहळू कादंबऱ्या कपाटात गेल्या.

मग आमच्या घरातल्या सगळ्यांनी मायेनं जे करायचं तेच केलं. कुणी मोठ्या टाइपातली ज्ञानेश्वरी आणली, कुणी गुरुचरित्र, कुणी हरिविजय. आत्यानं सगळं आदरानं ठेवून घेतलं, वाचलंही. एकदा दुपारी मी गेले तेव्हा पोथीवर हात ठेवून ती म्हणाली, "मोठ्या टाइपात सगळे देवच का गं? माणसं नाही का छापत कुणी मोठ्या टाइपात?"

मला त्यावर काही बोलता आलं नाही. मराठी पुस्तकांच्या दुकानात जाऊन 'मोठ्या टाइपातलं' म्हटलं, की दुकानदाराचा हात आपोआप कुठल्या फळीकडे जातो हे आपल्याला माहीत आहे. त्यामागे कारणंही आहेत. पोथी मांडीवर घेऊन वाचत नाहीत. ती चौरंगावर असते, वाचणारा हातभर लांब बसतो, उजेड समईचा, आणि वाचायचं मोठ्यानं, चार माणसांना ऐकू जाईल असं. त्या अंतरासाठी आणि त्या उजेडासाठीच ते अक्षर घडलं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या देवनागरी खिळ्यांचं नाव अजून निघतं. त्या छापखान्याचं एखादं जुनं पान हातात आलं तर बघावं. काना कसा सरळ उभा, वेलांटीचा बाक कसा नेमका, जोडाक्षरातला अर्धा भाग स्वतःचं अंग चोरत नाही. ज्यांनी ते खिळे कोरले त्यांना अंधूक नजरेची माणसं डोळ्यांसमोर दिसत असणार, असं मला ते पान पाहताना नेहमी वाटतं.

कादंबरीच्या वाट्याला हे कधी आलं नाही. कादंबरी छापायची तर फर्मे मोजावे लागतात. एक पॉइंट टाइप वाढवला की पानं वाढली, कागद वाढला, किंमत वाढली, आणि हजारभर प्रतींच्या आवृत्तीत ते परवडत नाही. मला प्रकाशकांना बोल लावायचा नाही. पण नजर अधू झालेल्या माणसाला आता फक्त पुराणंच लागणार, हे आपण सगळ्यांनी मिळून न बोलता ठरवून टाकलं होतं, असं आत्याच्या त्या प्रश्नानं मला दिसलं. रात्रपाळीत काळापहाडाच्या मागे धावलेल्या बाईला म्हातारपणी खून कुणी केला याची उत्सुकता उरत नाही, असं कोण म्हणेल?

माझा ई-रीडर मी तिच्या हातात दिला तो त्यानंतर. आत पहिलं पुस्तक घातलं ते हरिभाऊ आपट्यांचं, 'पण लक्षात कोण घेतो?' वरच्या कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवून मी अक्षर वाढवत गेले. ती "अजून" म्हणत होती. एका ओळीत चार शब्द उरले तेव्हा ती गप्प झाली आणि वाचायला लागली.

त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून तिची बोटं बघत होते. डाव्या हातात यंत्र, आणि उजव्या हाताचा अंगठा सवयीनं उरलेल्या पानांची जाडी चाचपत होता. तिथे जाडी नव्हतीच. "किती झालं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चौदा टक्के." तिला ते पटलं नाही. चौदा टक्के म्हणजे नखभर की बोटभर, हे तिला हाताला कळायला हवं होतं. अजूनही ती फोनवर "बावीस टक्के" असं म्हणत नाही. कादंबरीतल्या यमूचं लग्न झालं, यमू मुंबईला आली, अशा खुणांनी ती आपण कुठे आहोत ते सांगते. हरिभाऊंची ही कादंबरी त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. ते साप्ताहिक १८९० साली सुरू झालं. तेव्हाच्या वाचकांनाही पुढे किती उरलंय ते चाचपता येत नव्हतंच. यमूचं पुढे काय होणार हे कळायला पुढच्या अंकाचा वार उजाडावा लागायचा.

आत्याकडून यंत्र परत येतं तेव्हा अक्षरं तिच्या मापाची असतात. पूर्वी मी लगेच ती लहान करायचे. एकदा तशीच ठेवून वाचायला लागले आणि एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. पानावर सातच ओळी मावत असल्या, की लांबलचक वाक्याचं क्रियापद पुष्कळदा पुढच्या पानावर जातं. कुणी, कुठे, कुणाला, कशासाठी हे सगळं हाताशी आलेलं असतं आणि त्यानं ते केलं की नाही हे कळायला पान उलटावं लागतं. जुन्या गद्यात तर एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. लहान अक्षरांत डोळा अशा वाक्यावरून सरसर खाली उतरतो, शेवट आधीच पाहून ठेवतो. मोठ्या अक्षरांत तसं करता येत नाही. वाक्य ज्या चालीनं लिहिलं त्याच चालीनं जावं लागतं. आत्या हल्ली हळू वाचते असं आम्ही म्हणायचो. ती लेखकाच्या पावलानं चालत होती.

या पडद्याची स्वतःचीही एक तऱ्हा आहे. मोबाइलचा पडदा उजेड फेकतो. हा उजेड घेतो. उन्हात नेलं तर जास्तच स्पष्ट दिसतं, म्हणून आत्या गॅलरीत सकाळच्या उन्हात बसून वाचते. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. खालून विजेचा हलका संकेत मिळाला की पांढरे वर येतात किंवा काळे. काळे जिथे वर आले तिथे अक्षर उमटतं. उमटल्यावर ते टिकवायला वीज लागत नाही, लागते ती पान बदलायला. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधून हे तंत्र निघालं आणि १९९७ साली त्याची कंपनी झाली. असा पडदा असलेलं ॲमेझॉनचं किंडल आलं २००७च्या नोव्हेंबरात. या सगळ्यात मला सगळ्यांत जवळची वाटते ती मागच्या पानाची सावली. पान उलटल्यावर कधीकधी आधीच्या ओळी फिकट, राखी रंगात, नव्या ओळींच्या मागे राहून जातात. काही कण पुरते परतलेले नसतात. मग पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, आणि पान स्वच्छ होतं. यंत्र बनवणारे ती सावली घालवायच्या मागे असतात. मला मात्र वाचनात तसंच होतं, आधीचं पान पूर्ण जात नाही.

पण अक्षर मोठं होतं ते पुस्तक आत अक्षरांच्या रूपात असेल तरच. हे कळायला मला वेळ लागला आणि मराठी वाचकासाठी खरी गाठ इथेच आहे. बरीचशी जुनी मराठी पुस्तकं आज घरबसल्या मिळतात. शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं वाचकांना मोफत खुली केली आहेत, जुन्या ग्रंथालयांतली पुस्तकंही स्कॅन होऊन आली आहेत. हे काम करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. मात्र स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोटोतलं अक्षर मोठं करायला गेलं की पानच मोठं होतं आणि पडद्याबाहेर जातं. ओळीची सुरुवात दिसते तेव्हा शेवट दिसत नाही. बोटानं पान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे सरकवत राहायचं. आत्याच्या भिंगापाशीच परत आलो. जे पुस्तक टाइप झालेलं असतं त्यातल्या ओळी पाण्यासारख्या असतात, भांडं बदललं की आकार बदलतो. फोटोतल्या ओळी गोठलेल्या.

टाइप केलेलं असलं म्हणजे संपलं असंही नाही. डीटीपी आली तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरची मराठीची स्वतःची सांकेतिक लिपी होती. छापून झालं की काम झालं, असा तो काळ. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण आपल्या छापखान्यांत ती रुजायला पुष्कळ वर्षं गेली. मधल्या काळात जुळवलेल्या पुस्तकांच्या फाइली आज उघडल्या की समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. पुस्तक आत आहे, वाचायची किल्ली हरवली आहे. सगळं नीट असलं तरी एक अक्षर अडून बसायचं: 'वाऱ्यावर'मधला, 'दुसऱ्या'मधला, 'तऱ्हा'मधला तो वाकडा अर्धा र. हिंदीला तो लागत नाही, आपल्याला दर पानाला लागतो. कित्येक ई-पुस्तकांत त्याच्या जागी नुसता ठिपक्यांचा गोल यायचा. आत्या त्या गोलापाशी थांबायची. तिला वाटायचं, तिच्याच डोळ्यातला डाग आहे. "नाही गं, यंत्रातलाच आहे," असं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

माझ्या मालकीच्या पुस्तकांबद्दल मला या यंत्रात जरा अस्थिर वाटतं, हेही सांगायला हवं. २००९च्या जुलैत ॲमेझॉननं ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'च्या काही प्रती लोकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखानं माफीही मागितली. तरी वाचणाऱ्याच्या घरात येऊन फळीवरचं पुस्तक कुणी उचलून नेऊ शकतं, हे त्या दिवशी जगाला कळलं. शिवाय उसनं देण्याघेण्याचं काय? आमच्या घरातली निम्मी पुस्तकं दुसऱ्यांची आणि आमची निम्मी दुसऱ्यांकडे, असाच हिशेब होता. त्यातून माणसं जोडलेली राहायची. ई-पुस्तक उसनं देता येत नाही, म्हणून मी अख्खं यंत्रच देते. शनिवारी आत्याकडे जातं, पुढच्या शनिवारी परत येतं. मधला आठवडा माझ्या हातात कागद असतो, आणि लोकलमध्ये पुस्तकाच्या पाठीकडे बघून पुन्हा कुणीतरी बोलतं.

कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. १९५७च्या कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती, १९९२ साली ती वाढली. हरिभाऊ १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचं लेखन आता कुणीही टाइप करावं, कुणीही वाटावं. मराठी विकिस्रोतावर हे काम स्वेच्छेनं करणारी माणसं आहेत. एका बाजूला जुन्या पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला त्यावरून यंत्रानं ओळखून काढलेला मजकूर. यंत्राची नजर आत्यासारखीच कुठेकुठे धूसर: 'घ'चा 'ध' करतं, 'भ'चा 'म', 'ख' दिसला की 'रव' म्हणतं. आपण ओळ ओळ ताडून दुरुस्त करायची. एकानं तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. मुद्रितशोधन म्हणजे जुन्या छापखान्यातलंच काम, फक्त आता शाईचे हात होत नाहीत. रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी एखादं पान घेते. पिवळ्याचं हिरवं करताना जो आनंद होतो तो मी वाचक म्हणून आजवर घेतलेल्या कुठल्याही आनंदाहून कमी नाही. हे पान आता कितीही मोठं होऊ शकेल, हे मला माहीत असतं. कुणाच्या डोळ्याला किती लागेल ते त्यानं ठरवावं.

अर्नाळकर १९९६ साली गेले. त्यांच्या कथा अशा रीतीनं खुल्या व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, आणि आत्याला हव्या त्या मला अजून तिच्यापुढे ठेवता आलेल्या नाहीत. ती दर शनिवारी विचारते. तोवर आम्ही दुसरंच काहीतरी घेऊन बसलो आहोत. गृहव्यवस्थेवरचं एक जुनं पुस्तक माझ्या हाती लागलं आहे, स्वयंपाकघर कसं लावावं, धान्य कसं साठवावं, असलं. स्कॅनमध्ये कसरीनं मधली अक्षरं खाल्लेली. परवा एका ओळीत नुसतं 'तरंड' उरलं होतं आणि यंत्रानं त्याचं भलतंच काही केलं होतं. मी आत्याला फोन लावला, ओळ वाचून दाखवली.

"उतरंड," ती लगेच म्हणाली. "चुलीमागे असायची आमच्या आजोळी. खाली मोठा डेरा, वर लहान लहान होत गेलेली मडकी. सगळ्यांत वरच्यात आजी काय ठेवायची माहितीय?" आणि ती सांगत सुटली. वरच्या मडक्यात मीठ, त्याखालच्यात चिंच, त्याखाली डाळी, आणि कुठल्या मडक्यात आजीचे चार पैसे असायचे हे फक्त तिला कसं ठाऊक होतं. मध्येच थांबून म्हणाली, "बरं, त्या बाईनं पुढे काय लिहिलंय? वाच की."

पुस्तक बाईनं लिहिलंय असं मी तिला सांगितलं नव्हतं. मुखपृष्ठाचं पान तर स्कॅनमध्ये नाहीच. मी पुढची ओळ वाचायला लागले.